टंकलेखिकेचं पत्रक

दूध संघात नोकरी लागली तेव्हा नेमणुकीच्या आदेशात माझ्या नावापुढे 'टंकलेखिका' असं छापलेलं होतं. धारूरच्या बाजारपेठेत वडिलांचं किराणा दुकान होतं. त्यांनी तो कागद तागडीशेजारी पसरला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्यात लेखिका हाय. मग आधी टंक कावून हाय?"

मी सांगितलं, टंक म्हणजे टाईप. दुसऱ्यानं लिहिलेलं मशीनवर उतरवायचं.

"म्हंजे लिवायचं न्हाई, उतरवायचं," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "बरं हाय. चुकलं तर लिवणाऱ्याचं चुकलं."

मी अंबाजोगाईला बी. एस्सी. केलं होतं. रसायनशास्त्र घेतलेल्या मुलीनं टाईप करत बसावं याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण तसं ते बोलले नाहीत. मलाही फारसं वाटलं नाही. घरातून बाहेर पडायला मिळत होतं, रोज एसटीनं शेजारच्या तालुक्याला जायचं होतं आणि मराठी टायपिंगचा माझा हात चांगला होता.

संघाचं दूध थंड करायचं केंद्र गावाबाहेर होतं. यंत्राची घरघर दिवसभर चालू असायची, तिला लागूनच दोन खोल्यांचं ऑफिस. प्रत्येक दारावर पाटी. एका दारावर 'व्यवस्थापक', दुसऱ्या दारावर 'तांत्रिक अधिकारी'. तांत्रिक अधिकारी म्हणजे जनावरांचे डॉक्टर. त्यांना पाटीवरच्या नावानं कुणीच हाक मारायचं नाही, सगळे डॉक्टरच म्हणत. चेअरमनच्या खोलीवर पाटी नव्हती. त्यांना गरज नव्हती.

व्यवस्थापकांच्या कपाटात एक जाड फाईल होती. संघात कोणती पदं असावीत, किती असावीत आणि कुणी काय करायचं हे सगळं तिच्यात लिहिलेलं होतं. तिला आकृतिबंध म्हणत. कुणी काही नवीन मागितलं की व्यवस्थापक कपाटाकडे नुसता हात करायचे. बहुतेक वेळा तेवढ्यानं बोलणं संपायचं.

मी लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी पाऊस झालाच नाही. गावोगावहून येणारे दुधाचे कॅन अर्ध्यावर आले, मग तळाला. ज्वारी उगवली नव्हती त्यामुळे कडबा नव्हता. लोक गव्हाचं जुनं काड, उसाचं वाळलेलं वाढं, मिळेल ते जनावरांपुढे टाकत होते. नुसत्या काडावर जनावर जगतं, पण दूध देत नाही. तेव्हा डॉक्टरांनी एक उपाय काढला. गव्हाच्या काडावर युरियाचं पाणी शिंपडून ते तीन आठवडे झाकून ठेवलं की ते मऊ होतं, जनावराच्या अंगी लागतं. उपाय खरा होता आणि स्वस्तही. फक्त तो नीट करायला हवा होता, कारण तोच युरिया जनावराच्या पोटात थेट गेला तर विष.

डॉक्टरांनी एका दमात दोन पानी पत्रक लिहिलं आणि ते दौऱ्यावर गेले. मी स्टेन्सिल कापायला, म्हणजे प्रती काढायचा मेणकागद टाईप करायला बसले. पत्रकाच्या वरच्या भागात संघाचं नाव, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सगळे संचालक, व्यवस्थापक, तांत्रिक अधिकारी, प्रत्येकाचं नाव हुद्द्यासकट घालायची पद्धत होती. त्यात पानाचा तिसरा हिस्सा गेला. खाली मजकूर सुरू झाला आणि पानाच्या शेवटच्या ओळीवर हे वाक्य आलं: 'चार किलो युरिया साठ लिटर पाण्यात पूर्णतः विरघळवून सदर द्रावण जनावरांस'. पान संपलं. मागच्या बाजूला उरलेलं: 'द्यावयाच्या शंभर किलो काडावर समप्रमाणात शिंपडून ते एकवीस दिवस हवाबंद स्थितीत ठेवावे.'

मी ते पुन्हा वाचलं. मग नुसतं पहिलंच पान वाचलं. युरिया पाण्यात विरघळवून जनावरांस. पुढे काही नसेल तर माणूस काय समजेल?

मी व्यवस्थापकांकडे गेले. म्हटलं, "साहेब, इथं वाक्य तुटतंय. वरची दोन नावं कमी केली तर ते एका पानात बसेल. नाहीतर वाक्यच थोडं बदलते."

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "नावं कमी करायची म्हणता? कुणाची करायची ते सांगा." त्यांनी कपाटाकडे हात केला. "आणि मजकूर डॉक्टरांचा हाय. ते तांत्रिक अधिकारी हाइत, तुमी टंकलेखिका. त्यांनी लिवायचं, तुमी उतरवायचं. दौऱ्याहून आले की त्यांना विचारा."

डॉक्टर चार दिवसांनी येणार होते आणि पत्रकं दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीबरोबर जाणार होती. मी जागेवर येऊन स्टेन्सिल पूर्ण केलं. खरं सांगायचं तर मला थोडं हलकंच वाटलं. विचारायचं काम मी केलं होतं.

पत्रकं गेली. डॉक्टर परत आले तोवर ती वाटून झाली होती, म्हणून मी त्यांच्यापाशी विषय काढला नाही. सातव्या-आठव्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर कॅन उतरवायच्या आधीच डॉक्टरांच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, नांदूरघाटला एका बाईची गाय आडवी पडलीय. युरियाचं पाणी पाजलंय म्हणतात.

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "शिरका. किती मिळतो बघा." बाजारात लोणच्याचं सामान विकणारं एक दुकान होतं, तिथून शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, होत्या तेवढ्या बाटल्या घेतल्या. आंबट पोटात गेलं की युरियाचा जोर कमी होतो, हे त्यांनी जीपमध्ये बसता बसता सांगितलं. मलाही बरोबर घेतलं. त्या गावात वाटलेली पत्रकं गोळा करून परत आणायची होती.

बाईचं घर गावाच्या कडेला होतं. नवरा ऊसतोडीला गेला होता. ती मागं राहिली होती ती एक गाय आणि एक म्हैस होती म्हणून. गाय दावणीपाशी पडली होती, पोट फुगलेलं, तोंडाला फेस, अंगाची कातडी सारखी थरथरत होती. डॉक्टरांनी शिरका थंड पाण्यात घातला आणि बांबूच्या नळीनं तिच्या घशात उतरवायला सुरुवात केली. बाईनं गाईचं तोंड वर धरलं होतं. तिचे हात जराही हलत नव्हते.

म्हैस बाजूला उभी होती. "हिनं नुसता वास घेतला आन् तोंड फिरवलं," बाई म्हणाली. "ही गरीब. पेली. पर थोडंच पेली. कडू लागलं आसंल."

तिला वाचता येत नव्हतं. दूध घालायला गेलेल्या शेजाऱ्यानं पत्रक आणलं, घाईत वाचून दाखवलं. पहिलं पान वाचलं. मागं काही असेल असं त्याला वाटलं नाही, कारण पहिल्या पानावर सगळ्यांची नावं होती आणि काम काय करायचं तेही होतं. बादलीत पाणी कालवून तो कामाला निघून गेला.

दुपार कलता कलता गाईनं मान टाकायचं थांबवलं. मग पुढचे पाय दुमडून बसती झाली. डॉक्टर भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं. टँकरचं पाणी होतं, बाईनं ते अर्धा तांब्याच दिलं. मग ते पत्रक हातात धरून तिनं विचारलं, "हे कुणी लिवलं?"

मी म्हटलं, "मावशी, मी टाईप केलं."

"टाईप म्हंजे?"

"म्हणजे मशीनवर छापलं."

"आन् लिवलं कुणी?"

डॉक्टर म्हणाले, "मी लिवलं, बाई. चूक माझी हाय."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. गाय वाचवणारा माणूस आणि पत्रक लिहिणारा माणूस एकच आहे, हे तिला जमवून घ्यायला थोडा वेळ लागला. "पुन्यांदा लिवताना कुणाला तरी ऐकवून बघा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमलेली होती.

गाय जगली. त्या साली तिनं पुन्हा दूध मात्र दिलं नाही.

परत येताना जीपमध्ये गावातून गोळा केलेली पत्रकं माझ्या मांडीवर होती. मग डॉक्टरांनी मागं न वळता विचारलं, "टाईप करताना तुमच्या ध्यानात आलं होतं?"

"हो."

"मग थांबवलं का नाही?"

मी व्यवस्थापकांशी झालेलं बोलणं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "मी टंकलेखिका आहे, साहेब." जीपमध्ये ते वाक्य मलाच कसंसं ऐकू आलं. वडील म्हणाले होते तसं चुकलं तर लिवणाऱ्याचं, हे बरोबरच होतं. पण त्या दावणीपाशी ते सांगायला माझं तोंड उघडलं नसतं.

डॉक्टर म्हणाले, "ते पत्रक उद्यापास्नं तुमी लिवा. आकडे मी तपासतो. भाषा तुमची."

दोन दिवसांनी मी एकटीच एसटीनं नांदूरघाटला त्याच बाईकडे गेले. सोबत एक किलो युरिया तोलून नेला होता. म्हटलं, "मावशी, मी सांगते तसं तुम्ही करा. कुठं अडलं की मला थांबवा." तिला हसू आलं. "आता मला इचारून लिवनार व्हय," ती म्हणाली, आणि पदर खोचून उभी राहिली.

तिनं मला पावलोपावली थांबवलं. साठ लिटर म्हणजे किती? तिच्या घरात लिटर नव्हतं, घागर होती. माझ्याकडच्या लिटरच्या मापानं भरून पाहिलं तर घागरीत पंधरा लिटर मावत होतं. मग आम्ही सगळंच चौथाई केलं: एक किलो युरिया, एक घागर पाणी, पंचवीस किलो काड. काडाचं वजन पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर केलं, तेव्हा लुगड्यात बांधलेली दोन गाठोडी भरली. हवाबंद म्हणजे काय ते मी समजावून सांगत होते, तेव्हा ती म्हणाली, "मंग वारं लागू देऊ नका आसं लिवा की." एकवीस दिवसांचं तिनं दोन शब्दांत केलं. आठवडी बाजार गावाच्या ध्यानात असतो, तारीख नसते. म्हणून पत्रकात आलं: बाजाराच्या दिवशी झाका, पुढचे तीन बाजार होऊ द्या, मग उघडा.

काड शिंपडून, तुडवून, खताच्या रिकाम्या गोण्या फाडून शिवलेल्या झापेनं झाकून आम्ही हात धुतले. हात धुतलेलं पाणीसुद्धा जनावराच्या आसपास टाकू नका, हे तिनंच सुचवलं. तीन बाजार झाल्यावर मी पुन्हा गेले. उघडल्यावर असा वास आला की डोळ्यांना पाणी. ती म्हणाली, हे लगेच टाकलं तर खाणार नाहीत. घटकाभर पसरून ठेवलं, वास उडाला, मग म्हशीनं तोंड लावलं. तेही पत्रकात गेलं.

नवीन पत्रकाचा सगळा मजकूर एकाच बाजूला मावला. पहिली ओळ मोठ्या अक्षरात होती: युरियाचं पाणी जनावराला पाजायचं नाही. डॉक्टरांनी आकडे तपासले आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे काड घालू नका, एवढीच एक ओळ वाढवली. संचालकांची नावं मागच्या बाजूला गेली. व्यवस्थापकांनी ते चालवून घेतलं. नांदूरघाटची हकिकत चेअरमनच्या कानावर गेलेली होती.

त्या पत्रकानं काम झालं. पाच-सहा गावांतून लोक डॉक्टरांना भेटून गेले, कुणी कुणी सोबत काडाची मूठ घेऊन यायचे, बरोबर झालंय का बघायला. मग वासरांच्या जंतांचं, कॅन धुण्याचं, दूध तपासायच्या यंत्राचं, अशी चार-पाच पत्रकं मी लिहिली.

डॉक्टरांनी संचालकांच्या बैठकीत विषय काढला, की या बाईंना 'तांत्रिक लेखिका' असं पद द्यावं. मी बैठकीचं टिपण घ्यायला कोपऱ्यात बसले होते, त्यामुळे माझ्याबद्दल चाललेलं बोलणं मीच लिहून घेत होते. व्यवस्थापकांनी कपाटाकडे हात केला. "आकृतिबंधात असं पदच न्हाई."

चेअरमन म्हणाले, "लेखक म्हंजे कथा-कादंबऱ्या लिवणारा. दूध संघात लेखक कशाला लागतो?"

"मग ते पत्रक कुणी लिवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिवलं की. पण लिवणं येगळं आन् लेखक येगळं."

शेवटी एका संचालकांनी मार्ग काढला. आकृतिबंधात 'प्रचार सहायक' अशी एक जागा रिकामी होती. तिथं मला घ्यावं. सगळ्यांनी माना हलवल्या. पगारात थोडी वाढ होती, घरी वडिलांनी पेढे आणले. मला वाटलं, काम तेच राहणार, नाव बदललं एवढंच.

काम तेच राहिलं नाही. प्रचार सहायक म्हटल्यावर प्रत्येकाला माझ्यासाठी प्रचाराचं काम दिसायला लागलं. चेअरमनच्या भाषणाचे मुद्दे काढा. चारा छावणीच्या उद्घाटनाला हार किती लागतील ते बघा, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावा. संघाच्या वार्षिक सभेसाठी फलक रंगवून आणा. डॉक्टरांनी गोचिडांच्या औषधाचं टिपण माझ्या टेबलावर ठेवलं होतं. औषध पाण्यात किती मिसळायचं, हात कसे झाकायचे, हे लोकांना सांगायचं होतं. ते टिपण महिना-सव्वा महिना तसंच पडून राहिलं. मी व्यवस्थापकांना म्हटलं तर ते म्हणाले, "ते तांत्रिक झालं. तुमी आता प्रचारात." या वेळी ते मला दुखवायला बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तेव्हा मला कळलं की हुद्दा शोभेला नसतो. लोक तो वाचतात आणि त्यावरून ठरवतात की तुमच्यापुढे काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही.

मी अर्ज लिहिला. प्रचार सहायक पदावरून मला परत टंकलेखिका करावं, आणि टंकलेखिकेच्या कामांत 'तांत्रिक मजकूर तयार करणे व वापरणाऱ्यांकडून तपासून घेणे' एवढी एक ओळ वाढवावी. व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला. "खालच्या पदावर जायचा अर्ज आजवर कुणी केला न्हाई," ते म्हणाले. "पगारबी कमी व्हईल."

"चालंल," मी म्हटलं.

त्यांनी फाईल काढली. पद वाढवता येत नाही, पण पदाखाली कामं लिहायची जागा असते, हे त्यांनीच मला दाखवलं. तिथं ती ओळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली, चेअरमनची सही घेतली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते त्या दिवशी बरंच कमी झालं.

वडिलांना हे सांगणं अवघड गेलं. त्यांनी बाजारात सगळ्यांना सांगितलं होतं. ते बराच वेळ तागडी पुसत राहिले, मग म्हणाले, "लोकायला काय सांगू मग?"

"सांगा, जनावरांच्या औषधाचं लिहिते."

"हां," ते म्हणाले. "हे समजतं."

लग्नानंतर मी पुण्याला आले. मिस्टरांची बदली तिकडेच होती. शेतीचे पंप आणि त्यांना लागणारी चालू-बंद करायची पेटी बनवणाऱ्या एका कारखान्यात 'टेक्निकल रायटर' पाहिजे अशी जाहिरात मी पेपरात पाहिली. हे असं खरंच पद असतं, यावर माझा पटकन विश्वास बसला नाही. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी माझ्या अर्जात टंकलेखिका वाचलं आणि म्हणाले, टायपिस्टची जागा नाहीये आमच्याकडे. मी पिशवीतून युरियाचं पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते त्यांनी पूर्ण वाचलं. मग 'तीन बाजार' यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. त्यांनी मला दुसऱ्या आठवड्यापासून यायला सांगितलं.

धारूरला मात्र घोटाळा झाला. आमच्याकडे रायटर म्हणजे पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेणारा जमादार. मी पोलिसांत लागले असं बाजारात पसरलं. वडिलांना दोन माणसं जमिनीच्या भांडणाचं काही होतंय का म्हणून भेटून गेली. त्यांनी दोघांना बसवून चहा पाजला आणि पंपाचं समजावून सांगितलं.

पुढे त्या कारखान्यात माझ्या पदाचं नाव तीनदा बदललं. एकदा वर आलेल्या नव्या साहेबांना 'रायटर' हलकं वाटलं, म्हणून आम्ही 'डॉक्युमेंटेशन इंजिनियर' झालो. मग ते दुसरंच काही झालं. प्रत्येक वेळी ओळखपत्र नवीन मिळायचं. टेबल तेच असायचं.

पहिल्या आठवड्यातलं एक आठवतं. पेटीच्या माहितीपुस्तकाचं इंग्रजी टिपण एका तरुण इंजिनियरनं मला दिलं आणि सांगितलं, "मॅडम, फक्त मराठी करायचंय. बाकी सगळं बरोबर आहे."

मी वाचलं. विहिरीतलं पाणी संपलं तर पंप आपोआप बंद होईल, असं त्यात होतं. तो पुन्हा सुरू कसा करायचा हे नव्हतं.

"मला हा पंप चालताना बघायचाय," मी म्हटलं.

"कशाला? तुम्ही रायटर ना?"

"हो. म्हणूनच."

तो टेबलावरची किल्ली उचलून माझ्यापुढे चालायला लागला. चाचणीच्या शेडमध्ये सिमेंटच्या हौदावर पंप बसवलेला होता. त्यानं हौद रिकामा केला, पंप खटकन थांबला. पुन्हा पाणी भरलं. पंप सुरू झाला नाही. त्यानं हिरवं बटण दाबलं, काही झालं नाही. लाल दाबून मग हिरवं दाबलं, तेव्हा पाणी आलं.

"हे तर लिहायचंच राहिलं की," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पेन मागितलं.